कुत्र्याच्या अंगावरची गाठ: बोटांनी शोधा, सुईने ओळखा

कुत्र्याच्या बरगडीवर मऊ गाठ हाताला लागली की घरात दोन मतं निघतात. कुणी म्हणतं चरबीची आहे, राहू दे. कुणी म्हणतं कॅन्सरच. दोन्ही नुसते अंदाज असतात. चरबीची निरुपद्रवी गाठ म्हणजे लायपोमा, आणि कुत्र्यांच्या त्वचेत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे मास्ट सेल ट्यूमर. या दोन्ही गाठी हाताला अगदी सारख्या लागू शकतात. वीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनाही नुसत्या चाचपण्यावरून त्या खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी बारीक सुई, काचेची स्लाइड आणि मायक्रोस्कोप लागतो. घरच्यांचं काम त्याआधीचं आहे: गाठ लवकर शोधायची, तिची नीट नोंद ठेवायची, आणि सुई लागेपर्यंत तिच्यावर काही लावायचं, बांधायचं किंवा फोडायचं नाही.

महिन्यातून एकदा हात फिरवा

संकष्टी महिन्यातून एकदाच येते, तोच दिवस ठरवून टाका म्हणजे विसरायला होत नाही. कुत्र्याला उजेडात उभं करा, घाई नको. दोन्ही हातांची बोटं सपाट ठेवून जबड्यापासून सुरुवात करा. आधी ओठ उचलून हिरड्या आणि जिभेच्या कडा बघा, मग कानांच्या आतबाहेर. तोंडातली काळी किंवा लालसर गाठ, लाळेत रक्त किंवा एकाएकी सुटलेला घाण वास दिसला, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. तोंडातल्या गाठी फार वेगाने हाताबाहेर जातात.

तिथून गळा, खांदे, छाती, काख, पोट, जांघा, शेपटीचा बुंधा आणि गुदद्वाराभोवतीची जागा तपासा. शेवटी चारही पाय, बोटांच्या बेचक्यांसह. जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियनसारख्या केसाळ कुत्र्याचे केस उलट दिशेने सारत जा. आंघोळ घालताना केस ओले असले की गाठ पटकन कळते. मुधोळ किंवा कारवान जातीच्या सडपातळ कुत्र्यांची कातडी पातळ आणि अंगावर चरबी कमी, त्यामुळे लहान गाठही उठून दिसते. लॅब्राडोरच्या चरबीत मात्र लिंबाएवढी गाठही दडून बसते.

तीन ठिकाणी लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) हाताला लागतात: जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे. त्या दोन्ही बाजूंना सारख्याच असायला हव्यात. तिन्ही ठिकाणी एकदम मोठ्या आणि टणक लागल्या, तर लिम्फोमा हा रक्तपेशींचा कॅन्सर असू शकतो किंवा गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप असू शकतो. आपल्या बेळगाव भागात गोचीड भरपूर असल्याने दुसरी शक्यता खरोखर मोठी आहे, पण दोन्हींत फरक करायला रक्ततपासणी आणि सुई लागतेच.

गाठ म्हणून घाबरवणाऱ्या काही गोष्टी मुळात गाठी नसतात. पोटावर साधारण आठ ते दहा सडं असतात, आणि ती नर कुत्र्यालाही असतात. गोचीड समजून ती चिमट्याने ओढल्याचे प्रकार नेहमी घडतात. छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि शेवटच्या बरगडीची टोकंही गाठीसारखी लागतात. दुसऱ्या बाजूला तसंच हाड तितक्याच अंतरावर लागतं का ते बघितलं की शंका मिटते.

सापडली तर मोजा आणि लिहा

«मागच्यापेक्षा मोठी वाटते» यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. शाळेची प्लास्टिकची पट्टी घ्या, गाठीची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. फोटो काढताना बाजूला दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास 27 मिमी असतो, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या फोटोशी तुलना करता येते. भोवतीचे थोडे केस कात्रीने कापून खूण ठेवा, नाहीतर केसाळ कुत्र्यात तीच गाठ पुन्हा सापडत नाही. ब्लेड वापरू नका. कागदावर कुत्र्याची साधी आकृती काढून त्यावर फुली मारा आणि तारीख घाला.

शेजारी चार गोष्टी लिहा. गाठ कातडीत आहे की कातडीखाली, म्हणजे कातडी तिच्यावरून सरकते का? खालच्या मांसाला चिकटून बसली आहे की हलते? गरम किंवा दुखरी आहे का? वरचे केस गेलेत का, फुटली आहे का? चाचपताना अलगद दाबा, चोळत बसू नका. मास्ट सेल ट्यूमर चोळला गेला तर त्यातलं हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन मोकळं होतं. मग गाठ आणि भोवतीची जागा लाल होऊन फुगते, कधी उलट्याही होतात. आज मोठी, चार दिवसांनी लहान, पुन्हा मोठी असा खेळ करणारी गाठ दिसली की घरचे म्हणतात «उतरतेय». मास्ट सेल ट्यूमरचं हेच एक ओळखीचं लक्षण आहे.

सुईची तपासणी कधी करायची याचा हिशोब सोपा आहे. गाठ 1 सेंटीमीटर, म्हणजे साधारण वाटाण्याएवढी झाली असेल, किंवा लहान असूनही महिनाभर तिथेच असेल, तर सुई लावून घ्या. कुत्रा सात-आठ वर्षांच्या पुढचा असेल, किंवा बॉक्सर, पग, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीवर यांच्यापैकी असेल, तर महिन्याचीही वाट पाहू नका. या जातींत मास्ट सेल ट्यूमर जास्त आढळतो.

महिना नाही, त्याच दिवशी

काही वेळा सूज तासाभरात वाढते, तिला वरचा हिशोब लागू नाही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे किंवा निपाणी-चिकोडीच्या उसाच्या फडांत फिरणाऱ्या कुत्र्याचं तोंड किंवा पाय अचानक सुजला, जागा फार दुखते आणि रक्त पाझरतंय, तर घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय धरा. वर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, बर्फही लावू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा. निघण्याआधी दवाखान्याला फोन करून सर्पविषावरची लस शिल्लक आहे का हे विचारा. नसली तर थेट जिथे आहे तिथे गाठा.

गांधीलमाशी किंवा मधमाशी चावली की तोंड फुगतं आणि अंगभर गांधी उठतात. बहुतेकदा हे उपचाराने काही तासांत उतरतं. श्वासाला घरघर लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा कुत्रा कोसळला, तर मिनिटंही मोलाची असतात.

इतरही काही बाबतींत त्याच दिवशी जावं लागतं. गाठ फुटून रक्त थांबत नसेल, गाठीसोबत ताप असेल, गाठ असलेल्या कुत्र्याला उलट्या होऊन शी डांबरासारखी काळी पडत असेल, किंवा बेंबीपाशी वा जांघेत असलेली मऊ गाठ एकाएकी घट्ट आणि दुखरी झाली असेल. काळी शी म्हणजे पोटात रक्तस्राव, तो मास्ट सेल ट्यूमरमुळेही होतो. बेंबीची गाठ पिल्लांत सहसा हर्निया असते. दाबल्यावर आत जात होती ती आत जाईनाशी झाली, तर आतडं अडकलेलं असू शकतं. ताप बघायला डिजिटल थर्मामीटर थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारातून धरा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणून 102 दिसलं तर घाबरू नका. 103.5 च्या वर गेलं तर तो ताप.

आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या गाठी

दोन-तीन दिवसांत आलेली, गरम, दुखरी आणि मधे मऊ पडत जाणारी गाठ बहुधा गळू असते. कुत्र्यांच्या मारामारीतला दात वरून बारीक भोक पाडतो आणि आत पू साठतो. गळू घरी दाबून फोडलं तर पू आतल्या आत पसरतो. डॉक्टर ते योग्य जागी उघडतात, धुतात आणि खालून वाट मोकळी ठेवतात. चावणारा कुत्रा अनोळखी असेल तर ताजी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, स्वतः हातमोजे घाला, आणि आधीची लस झालेली असली तरी रेबीजच्या डोसाबद्दल त्याच दिवशी विचारा.

पावसाळा संपून गवत वाळलं की कुसळांचा हंगाम सुरू होतो. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि कातडीखाली पुढेच सरकत राहतं, कारण त्याचे काटे मागे वळलेले असतात. बेचक्यात लाल फोड येतो, फुटतो, भरतो आणि आठवड्याभरात पुन्हा येतो. अँटिबायोटिकने तो दबतो, पण कुसळ आतच राहतं. ते शोधून बाहेर काढल्याशिवाय हे थांबत नाही. डोळ्याच्या खाली गालावर वारंवार सुजून फुटणाऱ्या गाठीचंही असंच आहे: मूळ बहुधा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी असतं, आणि दाढ पाहिल्याशिवाय गालावर कितीही उपचार केले तरी गाठ परत येते.

गोचीड काढल्यानंतर तिथे टणक गुठळी राहते आणि हळूहळू विरते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका. लसीच्या इंजेक्शनच्या जागीही गुठळी येते आणि काही आठवड्यांत जिरते. जिरायच्या ऐवजी वाढत गेली तर दाखवा.

शहाबादी फरशीवर किंवा कडाप्प्यावर झोपणाऱ्या वजनदार कुत्र्याच्या कोपरावर पाणी भरलेली, न दुखणारी गाठ येते. तिला हायग्रोमा म्हणतात. हाड आणि दगड यांच्यामध्ये कातडी रोज दाबली गेल्याने ती होते. सुईने पाणी काढून टाकण्याचा मोह आवरा. पाणी पुन्हा भरतं, आणि सुईवाटे जंतू शिरले तर साध्या गाठीचं महिनोन्महिने चालणारं दुखणं होतं. जाड गादी किंवा घडी घातलेली गोधडी द्या आणि कुत्रा खरंच तिच्यावर झोपतोय ना ते बघा. बहुतेकांना कडक उन्हात गार फरशीच आवडते, म्हणून गादीच सावलीतल्या गार जागी हलवावी लागते.

तीन-चार वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर लाल, केस गेलेली, गोल गाठ झपाट्याने उठली तर ती हिस्टियोसायटोमा असू शकते. ही साधारण तीन महिन्यांच्या आत आपोआप जाते. पिल्लांच्या ओठांवर आणि तोंडात एकाच वेळी उगवणाऱ्या चामखिळा विषाणूच्या असतात. त्याही सहसा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत झडतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरच्या चामखिळा वेगळ्या, बहुधा तेलग्रंथींच्या. रक्त येत नसेल, कुत्रा चावत नसेल, तर नुसती नोंद ठेवली तरी चालते. सिस्ट म्हणजे कातडीतली पिशवी, तिच्यात पांढरट घट्ट पदार्थ असतो. तो पिळून काढताना पिशवी आत फुटली की भोवती मोठी सूज येते.

नसबंदी न झालेल्या मादीच्या सडांजवळची गाठ कधीही «दुधाची असेल» म्हणून सोडू नका. माजानंतर दीड-दोन महिन्यांनी खोट्या गाभणपणात सडं फुगतात हे खरं, पण ती सगळी सारखीच फुगतात आणि उतरतात. एकाच सडाजवळ टणक खडा लागला तर तो स्तनाचा ट्यूमर समजून चला. मागच्या दोन जोड्यांत तो जास्त होतो आणि ढोबळमानाने अशा गाठींतली निम्मी प्रकरणं कॅन्सरची निघतात. 3 सेंटीमीटरच्या आत काढलेल्या गाठीत सुटका होण्याची शक्यता पुष्कळ चांगली असते. म्हणजे जिथे महिने मोजले जातात, तिथे खरं तर मिलिमीटर मोजायला हवेत. पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या मादीत हा आजार फार क्वचित दिसतो. मोठ्या जातींत नसबंदीचं वय ठरवताना सांध्यांचाही विचार करावा लागतो, तेव्हा ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. म्हाताऱ्या, नसबंदी न झालेल्या नराच्या गुदद्वाराभोवतीची गाठ बहुधा नर संप्रेरकावर वाढणारी साधी गाठ असते, आणि नसबंदीनंतर ती आक्रसते. बहुधा म्हणजे नेहमी नव्हे, म्हणून तिलाही सुई.

आता अशा गाठीबद्दल, जिच्यापायी कितीतरी कुत्री विनाकारण मरतात. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याच्या लिंगातून किंवा योनीतून थेंबथेंब रक्त गळतं, आणि नीट पाहिलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लागताच रक्त येणारी गाठ दिसते. हा टीव्हीटी, समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा ट्यूमर. हुंगण्या-चाटण्यातून तो नाकातही होतो आणि मग नाकातून रक्त येतं. माणसाला तो होत नाही. लोक मादी माजावर आहे समजतात, रक्त आठवडेच्या आठवडे थांबत नाही तेव्हा कॅन्सर म्हणून तिला गावाबाहेर सोडून येतात. खरं म्हणजे हा कॅन्सर औषधाने बरा होतो. व्हिंक्रिस्टिन हे इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. बहुतेक कुत्र्यांना चार ते सहा डोस पुरतात. गाठ दिसेनाशी झाली म्हणून डॉक्टरांना न विचारता तिसऱ्या डोसावर थांबवाल तर ती परत येऊ शकते. प्रत्येक डोसाआधी पांढऱ्या पेशी मोजाव्यात. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं, घरी येणाऱ्या कुणाकडून नाही. नंतरचे काही दिवस कुत्र्याची लघवी आणि शी हातमोजे घालून साफ करा. गरोदर बाईने ते काम करू नये. गल्लीतलं कुत्रं असेल तर चार घरांनी मिळून खर्च करावा, इतका हा उपचार हमखास फळणारा आहे.

काय लावू नये

गाठीवर बिब्बा, चुना किंवा डाग दिला की कातडी जळते, खालची गाठ तशीच राहते आणि सुईच्या तपासणीत मग जळलेल्या जागेच्या सुजेच्याच पेशी येतात. चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधण्याची रीतही सोडा. ती सडते, माश्या बसतात आणि पावसाळ्यात दोन दिवसांत अळ्या पडतात. निपाणी भागात गोचिडांसाठी तंबाखूचं पाणी लावतात. निकोटिन कातडीतून शोषलं जातं, कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटातही जातं. लाळ, थरथर आणि झटके येऊन कुत्रा मरू शकतो. रॉकेल आणि गाडीचं जळकं तेलही तितकंच वाईट. माणसांच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, किडनी निकामी होते.

यात एक औषध दवाखान्यातूनही येतं, म्हणून त्याबद्दल नीट बोलायला हवं. गाठ कसली हे कळण्याआधी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की लिम्फोमा आणि मास्ट सेल ट्यूमर काही दिवस आक्रसतात. घरचे खूश होतात. पण निदान हुकतं, आणि लिम्फोमावरच्या पुढच्या औषधांचा परिणामही त्याने कमी होऊ शकतो. «डॉक्टर, आधी सुई लावूया का?» एवढं आदराने विचारायला काहीच हरकत नाही.

सुईच्या तपासणीत काय होतं

साधी 22 किंवा 23 गेजची सुई गाठीत दोन-तीन दिशांना फिरवून आलेला थेंब स्लाइडवर पसरतात. बहुतेक वेळा भूल लागत नाही, लस टोचण्याइतकंच दुखतं. गाठीच्या एकाच कोपऱ्यातून न घेता दोन-तीन ठिकाणांहून नमुने घ्यायला सांगा. स्लाइड हवेत लगेच वाळायला हवी. जुलैतल्या दमट हवेत ती वाळत नाही, पेशी फुगून बिघडतात, म्हणून पंख्याखाली हलवून वाळवावी लागते. स्लाइड बाहेरच्या लॅबला जाणार असेल तर फॉर्मलिनच्या, म्हणजे कापलेली गाठ टिकवायच्या द्रावणाच्या, बाटलीसोबत एकाच डब्यात देऊ नका. फॉर्मलिनच्या वाफेने पेशी नीट रंगत नाहीत आणि अख्खी तपासणी वाया जाते.

चरबीची गाठ, पू आणि मास्ट सेल ट्यूमर सुईत सहसा ओळखू येतात. नुसतं रक्तच आलं किंवा «पेशी अपुऱ्या» असा रिपोर्ट आला, तर त्याचा अर्थ गाठ साधी आहे असा नाही. पुन्हा सुई लावायची किंवा तुकडा काढून बायोप्सी करायची.

तालुक्याच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात सकाळी लवकर जा, दुपारी डॉक्टर गुरांसाठी गावोगाव गेलेले असतात. 1962 वर येणारं फिरतं पथक प्रामुख्याने गुराढोरांसाठी आहे, गाठीच्या तपासणीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. सुई आणि मायक्रोस्कोपची सोय बेळगाव शहरातल्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांत फोनवर विचारून घ्या. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गदग आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि तुमचं कन्नड कामापुरतं असेल, तरी तारखा, मिलिमीटर आणि नाण्यासकटचे फोटो असलेला कागद पुढे ठेवला की निम्मं बोलणं तिथेच होतं.

कापायचं ठरलं तर

शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मोजायला सांगाच. गोचीडतापात त्या घसरलेल्या असतात, कुत्रा वरून धडधाकट दिसतो आणि टेबलावर रक्त थांबत नाही. स्तनाची गाठ असेल तर छातीचा एक्स-रे आधी काढतात, कारण कॅन्सर फुप्फुसात पोचलेला असेल तर नुसती गाठ कापून उपयोग नसतो. आदल्या रात्री आठ-नऊनंतर खायला नको, पाणी कधी बंद करायचं ते दवाखान्यात विचारा. मुधोळसारख्या सडपातळ कुत्र्याचं वजन तिथेच काट्यावर करून घ्या आणि जात सांगा. थायोपेंटोनसारखी काही भुलीची औषधं अंगात चरबी कमी असली की जास्त वेळ टिकतात.

मास्ट सेल ट्यूमर काढताना दिसणाऱ्या गाठीभोवतीची चांगली कातडीही, बऱ्याचदा 2 सेंटीमीटरपर्यंत, आणि खालचा एक थर काढावा लागतो. जखम गाठीच्या मानाने फार मोठी दिसते, ती तशीच असायला हवी. सुईचं निदान आधी हवं ते याचसाठी. गाठ कसली हे माहीत नसताना लहान चीर देऊन नुसती गाठ सोलून काढली, तर मागे राहिलेल्या पेशींसाठी दुसरी, पहिल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

काढलेली गाठ फेकू देऊ नका, ती हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघायच्या तपासणीला, पाठवा. रुंद तोंडाची बरणी घ्या, गाठीच्या दहापट 10 टक्के फॉर्मलिन घाला. गाठ मोठी असेल तर फॉर्मलिन आत मुरावं म्हणून डॉक्टर तिला चीर देतात. बरणीवर चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनाची शाई फॉर्मलिनने पुसली जाते.

टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोपर्यंत गळ्यात कोन, म्हणजे चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर, घाला. कुत्रा रडतो म्हणून रात्री काढलात तर एका रात्रीत टाके चाटून उसवतो. जखम कोरडी ठेवा, माश्यांपासून जपा, रोज सकाळी उजेडात बघा. कडा उघडल्या, घाण वास आला किंवा पाणी गळायला लागलं तर टाक्यांच्या तारखेची वाट न पाहता जा.

रिपोर्ट आला की दोन प्रश्न विचारा: गाठ कोणती आणि कितव्या ग्रेडची, म्हणजे किती आक्रमक, आणि कापलेल्या कडांना ट्यूमरच्या पेशी आहेत का. कडा स्वच्छ असतील तर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी ती जागा आणि जवळच्या लसिकाग्रंथी डॉक्टरांकडून चाचपून घ्या. कडेला पेशी सापडल्या असतील तर पुन्हा कापायचं की औषध द्यायचं हे त्याच आठवड्यात ठरवा. त्यानंतर अंगावर दुसरी गाठ आली, तर पहिलीचा रिपोर्ट तिला लावू नका. एका कुत्र्याला एकाच वेळी लायपोमा आणि मास्ट सेल ट्यूमर दोन्ही असू शकतात, म्हणून नव्या गाठीचा कागद वेगळा आणि सुईही वेगळी.